चिठ्ठीतलं सामान

गेल्या हिवाळ्यात आईच्या पुण्यातल्या फ्लॅटचं न्हाणीघर नव्यानं करायला काढलं. इमारत पस्तीसेक वर्षांची, फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, भिंतीतले जीआय पाइप आतून गंजून निम्मे बुजलेले. सकाळची पहिली बादली तांबूस भरायची. प्लंबरने पाहणी केली आणि सामानाची चिठ्ठी लिहून दिली : पाऊण सीपीव्हीसी, पाऊण बाय अर्धा टी, ब्रास एफटीए, अँगल कॉक, स्टॉप कॉक, बॉटल ट्रॅप, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. चिठ्ठी दुकानदाराच्या हाती देऊन मोकळं होता आलं असतं. पण त्या घरात आई एकटी राहते. भिंतीत कायमचं जे गाडलं जाणार, ते काय आहे आणि कशासाठी आहे, हे मला समजून घ्यायचं होतं.

प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातला. तिथल्या पट्टामुंडाई भागातून हे कसब घेऊन माणसं देशभर जातात. आता तिथं प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. मी एकेका वस्तूचं काम विचारायला लागले तेव्हा तो खुलला. “विचारा ताई. लोक फक्त किती होतील तेवढंच विचारतात,” म्हणाला.

मापं पटकन कळली. अर्धा, पाऊण, एक हे इंच. छापील दरपत्रकात तेच 15, 20 आणि 25 मिलिमीटर. आटे आतून असले तर एफटीए, बाहेरून असले तर एमटीए. पांढरा यूपीव्हीसी थंड पाण्यापुरता, कारण गरम पाण्यानं तो मऊ पडतो; गरम पाण्याला पिवळसर सीपीव्हीसीच हवा. भिंतीतून आडवा येतो तो बिब कॉक, बेसिनवर उभा असतो तो पिलर कॉक. अँगल कॉक एकाच बेसिनचं किंवा फ्लशच्या टाकीचं पाणी तोडतो, स्टॉप कॉक सगळ्या न्हाणीघराचं. हा फरक आईला माझ्यापेक्षा आधी समजला. तिनं लगेच प्लंबरला बजावलं, “माझा हात पोचेल एवढ्या उंचीवर बसव हो तो.” त्यानं खूण पुसली आणि वीतभर खाली नवी केली.

दाबाचं गणित मात्र मला नव्यानं शिकावं लागलं. टाइल्सच्या दुकानात एक मोठा गोल शॉवर सुचवला होता, पावसासारखा पडणारा. प्लंबरनं मान हलवली. वरच्या टाकीतल्या पाण्याला दाब मिळतो तो फक्त उंचीचा : दहा मीटर उंचीला साधारण एक बार. तळमजल्यावरच्या नळाला चार मजल्यांची उंची मिळते. आईच्या शॉवरला टाकीपासून जेमतेम तीन मीटर, म्हणजे 0.3 बार. तेवढ्यावर तो शॉवर नुसता ठिबकला असता. वरच्या मजल्यावरच्या माणसाला पाणी जास्त मिळतं असा समज असतो, आणि प्रत्यक्षात दाब सगळ्यात कमी त्याच्याच वाट्याला येतो. आम्ही साधा छोटा शॉवर घेतला आणि टाकीकडून येणारी लाइन एक इंची केली. पाइप मोठा केल्यानं दाब वाढत नाही, पण वाटेत घासून वाया जातो तो कमी होतो.

आई महिना-महिना भावाकडे राहून आली की न्हाणीघरात कुबट वास यायचा. मोरीच्या जाळीखाली नाहणी ट्रॅप असतो, त्याच्या वाकात कायम थोडं पाणी साठून राहतं आणि ते पाणीच गटारातला वास आणि झुरळं अडवतं. घर बंद राहिलं की ते सुकतं आणि वाट मोकळी होते. त्यावर फिनेल ओतून काही होत नाही. आल्यावर आधी दोन तांबे पाणी ओतायचं.

आता गीझर. एवढं सगळं मी ज्याच्यासाठी सांगते आहे, ते इथं आहे. जुना पंधरा लिटरचा गीझर भिंतीवरून उतरवला तेव्हा प्लंबर गप्प झाला. थंड पाणी आत येतं तिथल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाला कुणीतरी डमी लावून ते घट्ट बंद केलं होतं. आईला आठवलं : तिथून थेंब थेंब पाणी गळायचं, म्हणून एका कारागिराला बोलावलं, त्यानं ‘गळती’ बंद करून दिली. ती गळती नव्हतीच. पाणी तापलं की फुगतं. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर गेलं की सुमारे 200 मिलिलिटर वाढतं. व्हॉल्व्हमधली नॉन-रिटर्नची सोय त्याला मागं पाइपात जाऊ देत नाही. नळ बंद असताना ते वाढीव पाणी जाणार कुठं? ठरावीक दाबानंतर व्हॉल्व्ह उघडतो आणि ते थेंबाथेंबानं बाहेर टाकतो. ती वाट बुजवलेली टाकी माझ्या आईच्या डोक्यावर रोज तापत होती, या विचारानं आजही माझे हात गार पडतात.

त्या टाकीतला थर्मोस्टॅट शेवटपर्यंत शाबूत राहिला म्हणून निभावलं. ठरवलेलं तापमान आलं की तो वीज तोडतो, पाणी निवलं की पुन्हा जोडतो. तो अडकला तर कटआउट वीज तोडतो, आणि नेहमीच्या प्रकारचा कटआउट हातानं दाबल्याशिवाय परत लागत नाही. या दोहोंनी दगा दिला तर उरतो तो सेफ्टी व्हॉल्व्हच. आत मॅग्नेशियमचा रॉड होता, त्याची फक्त तार राहिली होती. टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः झिजायचं हेच त्याचं काम. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं आणि टँकरचं क्षाराचं पाणी येतं, तिथं तो वर्षाकाठी उघडून बघायलाच हवा.

एका नातेवाइकांनी गॅस गीझर घ्या, स्वस्त पडतो, असं सुचवलं. मी ठाम नाही म्हटलं. बंद न्हाणीघरात तो जळताना हवा पुरली नाही तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. दरवर्षी थंडीत यानं माणसं गेल्याच्या बातम्या येतात. विजेच्या दोन किलोवॉटच्या गीझरला तेच पंधरा लिटर पाणी तापवायला अठरा-वीस मिनिटं आणि सुमारे 0.6 युनिट लागतं. त्यापुढची बचत मला नको होती.

काम संपल्यावर प्लंबरनं आणि मी गच्चीवर जाऊन टाकीखालच्या प्रत्येक व्हॉल्व्हवर रंगानं फ्लॅटचा क्रमांक लिहिला. दोन गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं न फिरवल्यानं जाम झाले होते. ते सोसायटीनं बदलले.

तुमचे आईवडील एकटे राहत असतील तर पुढच्या भेटीत तेवढं बघाच. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड मोकळं आहे ना, आणि घरचं पाणी कुठून बंद होतं हे त्यांना माहीत आहे ना. तोंड बुजवलेलं दिसलं तर गीझरचं बटण त्याच क्षणी बंद करा आणि नवा व्हॉल्व्ह बसेपर्यंत पाणी शेगडीवर तापवा.