औषधाआधी पाणी

राज्य शासनाच्या सेवेत असताना दुष्काळी कामांचे हजेरीपट आम्ही वर्षानुवर्षे तपासले. त्यामुळे कोणत्याही मदतकार्याविषयी वाचताना मनात प्रथम येते ते हेच, की मदत करणारे निघून गेल्यावर मागे काय उरले?

याचे समाधानकारक उत्तर आम्हांस युद्धाने कंगाल केलेल्या अफगाणिस्तानात सापडले. तेत्सू नाकामुरा हे जपानी डॉक्टर १९८४ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी पेशावरला आले. पुढे सीमेपलीकडेही त्यांनी दवाखाने काढले. २००० सालच्या दुष्काळात त्यांना कळून चुकले, की जेथे अन्न आणि स्वच्छ पाणीच नाही, तेथे औषध व्यर्थ. त्यांनी विहिरी खणल्या आणि २००३ साली नांगरहार प्रांतात कुनार नदीवरून कालव्यास आरंभ केला. सुमारे २५ किलोमीटरचा हा कालवा २०१० साली पुरा झाला.

काठ बांधताना तारेच्या जाळ्यांत दगड भरले आणि वाळुंजाच्या जातीची झाडे लावली. मुळांनी दगड धरून ठेवले. गावकऱ्यांना स्वतःच्या हातांनी डागडुजी करता यावी, हा त्यामागील हेतू. मजुरांत कालचे बंदूकधारीही होते.

४ डिसेंबर २०१९ रोजी जलालाबादेत डॉक्टरांची हत्या झाली. काम मात्र पुढे चालू राहिले.

२०२२ साली भारताने तेथे गहू पाठविला, तो योग्यच होता. भुकेल्यास आज भाकरीच हवी. परंतु पोते रिकामे होते. ज्याची डागडुजी गावाला येते, तेच दान गावाचे होते.