मुक्काम

आमच्याकडच्या माणसांची यात्रा म्हणजे मैदानावरचा मुक्काम. दसऱ्याला नागपूरची दीक्षाभूमी, 6 डिसेंबरला दादर, जानेवारीत इथंच अर्धापूरजवळ दाभडच्या महाविहारातली धम्म परिषद. कुठंही जा, अंथरूण आपलं आपण न्यायचं. एक सतरंजी, दोन चादरी, भाकरी, तिळाची चटणी, पाण्याची कॅन. शिवाजी पार्कच्या धुळीत, उशाला चपला घेऊन मीही झोपलेलो आहे. कुणाची मुलं कुणाच्या पांघरुणात, पहाटे उठल्यावर आधी आपली पिशवी शोधायची. त्या झोपेची सर कशालाच नाही, असं म्हणायची आपल्यात रीत आहे. मला तसं वाटत नाही. थंडी वाजते, कंबर धरते, आणि संडासासाठीच्या रांगेत बायकांचे जे हाल होतात त्यात भक्तिभाव बघणारा माणूस स्वतः कधी त्या रांगेत उभा राहिलेला नसतो.

म्हणून मुलानं पुण्याहून फोन करून सांगितलं, "पप्पा, वेरूळला चाललाय ना, मग या वेळी मुक्कामाचं मी बघतो," तेव्हा मी फार आढेवेढे घेतले नाहीत. संभाजीनगरातल्या एका जुन्या कोठीचं हॉटेल केलेलं आहे, तिथं त्यानं खोली घेतली. भाडं कळल्यावर हिनं फोन माझ्या हातातून काढूनच घेतला. "नुस्तं झोपायला एवढे पैसे घालायलाव का रे?" तो हसला. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, हे तो विसरला नव्हता. मला त्याचंच जास्त कौतुक वाटलं. आमच्या पिढीतले कितीतरी जण बंद फाटकापर्यंत जाऊन परत आले आहेत.

नायगावहून एस.टी.नं नांदेड, तिथून रेल्वे. संध्याकाळी कोठीच्या पायऱ्या चढलो. काउंटरवरच्या पोरानं आधार कार्ड मागितलं. कार्ड त्याच्या हातात गेलं की मी काय करतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा स्पष्ट दिसलं. मी त्याचे डोळे बघत राहतो. नाव वाचून होतं, मग आडनाव येतं, आणि तिथं नजर किती वेळ थांबते ते मी मोजतो. शाळेत नोकरीला लागल्यापासून, भाड्याची घरं शोधताना ही सवय लागली असावी. त्या पोराची नजर कुठंच थांबली नाही. थांबली ती पत्त्यावर. "नायगाव म्हणजे वसईकडचं का सर?" म्हटलं, वसईचं नाही, दादरचंही नाही, आणि सावित्रीबाईंचं साताऱ्याकडचं तेही नाही. देगलूर रोडचं. त्याला देगलूरही माहीत नव्हतं. मला एवढं बरं वाटलं की सामान मीच उचलायला निघालो.

खोली उंच. छताला लाकडी तुळया, भिंतीत कोनाडे, पलंगाशेजारी तांब्याचा जग, त्याच्यावर उपडा पेला. हिनं आधी गादी दाबून बघितली, मग न्हाणीघरातले सगळे नळ सोडून बघितले आणि मग जगमधलं पाणी ओतून घेतलं. बाहेर व्हरांड्यात जुने फोटो टांगले होते: शिकारीला निघालेले साहेब, फेटेवाले सरदार, निजामाच्या अमदानीतले पाहुणे. फोटोंच्या कडेला, चौकटीत अर्धेमुर्धे, पंखा ओढणारे, घोडा धरणारे, पाणी आणणारे. मी त्या कडांकडेच बघत होतो. जेवढे पैसे मोजून आपण या वारशात झोपतोय, त्या वारशात आपला माणूस असलाच तर या कडेला असणार, आणि बहुतेक चौकटीच्या बाहेरच. हे मनात आलं तरी गादीनं आपलं काम केलं. मला गाढ झोप लागली, हेही सांगून टाकतो.

1934 साली बाबासाहेबही वेरूळ बघायला आले होते. बरोबर चळवळीतले सहकारी, सगळे मिळून तीसेक जण, एक बस आणि एक मोटार. नाशिकहून निघाले. सहल होती, पण मुक्काम कुठं करायचा हा प्रश्न सहलीलाही सुटत नव्हता, म्हणून वाटेत आपली माणसं जिथं असतील तिथंच थांबायचं ठरलं होतं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. त्याच लेखनात 1917 चं बडोदंही आहे. परदेशातून शिकून आलेला, संस्थानात अधिकाराची नोकरी असलेला माणूस, आणि त्याला गावात खोली मिळत नाही. शेवटी पारशी धर्मशाळेत, पारशी नाव लावून राहावं लागलं. काही दिवसांनी काठ्या घेतलेला घोळका जिना चढून आला. दोन मित्रांकडं आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सभ्यपणे टाळलं. गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. पुढं 1956 ला नागपुरात लाखोंना दीक्षा देताना ते सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले होते. बडोद्याच्या बागेतून या हॉटेलापर्यंत यायला चाळीस वर्षांत एकच कमी.

सकाळी आम्ही वेरूळला पोचलो तेव्हा पर्यटक कैलासकडं वळत होते. बौद्ध लेणी दक्षिणेच्या टोकाला, 1 ते 12. दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुतार का झोपडा म्हणतात तिथं, पाय खाली सोडून बसलेले बुद्ध आहेत, मागं स्तूप, वर दगडात कोरलेल्या वाशांची कमान. लाकडाची गरज नसताना दगडाला लाकूड केलेलं. हिनं मेणबत्ती काढली, पहारेकऱ्यानं मान हलवली, हिनं ती परत पिशवीत ठेवली. मग आम्ही दोघांनी त्रिसरण म्हटलं. आवाज छताला लागून असा परत आला की शेजारच्या शाळेच्या पोरांनी आपापसातली मस्ती थांबवली.

मला खरं बघायचं होतं ते पाचवं लेणं. 117 फूट खोल, 24 खांब, आणि मधोमध, पार आतपर्यंत गेलेले दोन बुटके दगडी ओटे, समोरासमोर. भिक्षू तिथं रांगेनं बसून जेवत असावेत किंवा अध्ययन करत असावेत, असं अभ्यासक म्हणतात. दोन्ही बाजूंना खोल्या. एका माणसाला आडवं होता येईल एवढीच जागा. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूनं फिरायचं नाही, एका ठिकाणी वर्षावास करायचा, हा नियम. विहार म्हणजे मुळात त्या मुक्कामाची सोय. आणि या लेण्याला लोक महारवाडा म्हणत आले आहेत. इंग्रज अमदानीतल्या जेम्स बर्जेसच्या पुस्तकांतही हेच नाव आहे. पावसाळ्यात आसपासची महार कुटुंबं इथं आसऱ्याला यायची, त्यावरून पडलं म्हणतात. धर्मशाळेत जागा नाही, देवळाच्या ओवरीत नाही, तेव्हा भिक्षूंसाठी कोरलेल्या खोल्यांत. हे कुणी ठरवून केलं नसेल. पण बुद्धाच्या घरी आपण 1956 ला पहिल्यांदा आलो, असं मी वर्गात इतकी वर्षं सांगत आलो, त्यात आता एक वाक्य वाढवावं लागेल.

ही ओट्यावर टेकली. दगड गार होता. तळवे ओट्यावर दाबून म्हणाली, "इथं चुली पेटवल्या असतील का हो?" मी वर बघितलं. छत काळं होतं. पण काजळी चुलीची की वटवाघळांची घाण, मला ओळखता आलं नाही. 1978 च्या ऑगस्टमध्ये, विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर आमच्या जिल्ह्यात वस्त्या जळल्या, टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले, तेव्हा कितीतरी कुटुंबांनी रात्री उसात आणि ज्वारीत काढल्या. हिच्या माहेरची माणसंही त्यात होती. त्याबद्दल ती कधी बोलत नाही. त्या ओट्यावरही बोलली नाही. फक्त बराच वेळ उठली नाही.

परतताना दौलताबाद. गाइड चुणचुणीत होता. चाँद मिनार, मेंढा तोफ, अंधारी, सगळं पाठ. त्याचं सांगून झाल्यावर हिनंच विचारलं, "बाबासाहेबांना पाण्यावरून अडवलं तो हौद कुठाय?" त्याला ठाऊक नव्हतं. मग तिनं सांगितलं: रमजानचा महिना, प्रवासाची धूळ, किल्ल्याच्या दरवाज्याबाहेरचा काठोकाठ भरलेला लहान हौद, काहींनी तोंड-पाय धुतले, आणि पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ओरडत आला की यांनी पाणी बाटवलं. जमाव जमला. बाबासाहेबांनी विचारलं, एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला पाणी घेऊ द्याल का? कुणाकडं उत्तर नव्हतं. शेवटी आत सोडलं, पण पाण्याला शिवू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई दिला.

गाइडनं मोबाइल काढून पुस्तकाचं नाव टिपून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, दरवाजे एकापुढं एक आहेत. बाहेरचा म्हणजे कुठला?" हिनं तटबंदीकडं हात केला, त्यानं रस्त्याच्या पलीकडं. दोघं वाद घालत पुढं निघाले, आणि मी पाण्याची बाटली घेऊन मागं.