चौकोनी कंस आणि मी

जागतिक रेडिओ परिषदेत वाटाघाटी होतात, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. तीन-चार वर्षांतून एकदा शंभराहून अधिक देशांचे प्रतिनिधी जवळजवळ चार आठवडे एका शहरात जमतात आणि कोणती फ्रिक्वेन्सी कुणी कशासाठी वापरायची, याचा आंतरराष्ट्रीय करार दुरुस्त करतात. २०१९ साली ही परिषद इजिप्तमध्ये शर्म अल-शेखला भरली. एका शिष्टमंडळाबरोबर तांत्रिक सल्लागार म्हणून मीही गेलो. फाइल जाड होती, आकडे पुन्हा पुन्हा तपासलेले होते. आणि मला जे मांडायचं होतं, त्याची वेळ केव्हाच निघून गेली होती.

विषय पाण्याच्या वाफेचा होता. हवेतलं बाष्प २३.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अगदी क्षीण रेडिओ ऊर्जा सोडतं. उपग्रह ती टिपतात आणि त्यावरून हवामानाचे अंदाज सुधारतात. मान्सूनच्या अभ्यासासाठी भारत आणि फ्रान्सने २०११ मध्ये सोडलेल्या मेघा-ट्रॉपिक्सवरही ही फ्रिक्वेन्सी टिपणारं उपकरण होतं. ती निसर्गाने ठरवलेली असल्यामुळे दुसरीकडे हलवता येत नाही, म्हणून २३.६ ते २४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रक्षेपणाला बंदी आहे. फाइव्ह-जीला मात्र २४.२५च्या वरचा पट्टा हवा होता. शेजारच्या खोलीतला आवाज भिंतीतून किती झिरपू द्यायचा, एवढ्यावर सगळं भांडण.

हा विषय २०१९च्या परिषदेत घ्यायचा, हे २०१५ साली जिनिव्हातल्या परिषदेत ठरलं होतं. परिषद संपली की लगेच पहिली पूर्वतयारी बैठक होते आणि कोणता अभ्यास कुणी करायचा हे वाटून दिलं जातं. मोबाइल टॉवरची ताकद किती, अँटेना किती झुकलेली, एका चौरस किलोमीटरमध्ये टॉवर किती, ही गृहीतकं मोबाइलवाल्यांच्या गटाने पुरवायची आणि दुसऱ्या गटाने ती घेऊन उपग्रहाला किती त्रास होतो हे मोजायचं, अशी विभागणी होती. मी मनाशी म्हटलं, मोबाइलवाल्यांचं ते बघतील, निकाल आला की आपण तपासू. निकाल आला तेव्हा एक गृहीतक मला फारच सौम्य वाटलं. बैठकीत हात वर केला. अध्यक्षांनी अतिशय सभ्यपणे सांगितलं की गृहीतकं देण्याची मुदत संपून बराच काळ लोटलाय. त्यांचं बरोबर होतं. त्या गटाची कागदपत्रं मलाही मिळत होती. मी ती उघडलीच नव्हती. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

ही चूक आळसाची होती. दुसरी अहंकाराची, आणि ती मला जास्त लागते. या परिषदेत देश एकेकटे फारसे बोलत नाहीत, गटाने बोलतात. युरोपचा गट आहे, अमेरिका खंडांचा आहे, अरब देशांचा, आफ्रिकेचा, रशिया आणि तिच्या शेजाऱ्यांचा आहे. आपला आशिया-पॅसिफिकचा, ३८ सदस्य देशांचा. त्याचं कार्यालय बँकॉकला. परिषदेत मतदान जवळजवळ होतच नाही, सहमतीने ठरतं. त्यामुळे तुमच्या मागे किती जण उभे आहेत हे भाषणाआधीच सगळ्यांना ठाऊक असतं. प्रादेशिक बैठकांत मी काय केलं? सादरीकरण केलं. ठळक आलेख, काटेकोर आकडेमोड. चहाच्या सुट्टीत मात्र आपल्याच माणसांत उभं राहून बिस्किटं खाल्ली. जपान, कोरिया, चीन यांच्या मंडळींशी वाद घालावा असं वाटायचं, कारण उपकरणं बनवणारे ते. फिजी, टोंगा, सामोआ, वानुआतु यांच्या दोन-दोन माणसांच्या शिष्टमंडळांकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. छोटे देश, यांचा काय उपयोग?

चक्रीवादळाचा अंदाज चुकला तर ज्यांचं अर्धं बेट धुऊन निघतं, त्यांना बाष्प मोजणाऱ्या उपग्रहाचं महत्त्व माझ्या आलेखाशिवाय कळलं असतं. फक्त कुणीतरी जाऊन विचारायला हवं होतं. त्या सहमतीत त्यांचा होकार आपल्या होकाराइतकाच वजनाचा. हे मला परिषद संपल्यावर, परतीच्या विमानात सुचलं. शहाणपण नेहमी तिथेच का सुचतं, कोण जाणे.

घरच्या तयारीतही मी एक गाढवपणा केला. माझं टिपण मला अनुकूल असणाऱ्यांनाच दाखवलं. विरोध करतील अशांना ते आधीच दिलं असतं तर भांडण घरात झालं असतं आणि घरातच मिटलं असतं. त्याऐवजी परिषदेत दोन वेगवेगळ्या खोल्यांत आमच्याच दोन माणसांनी दोन सूर लावले, आणि समोरच्यांनी ते बरोबर टिपलं.

आता कंसांची गोष्ट. मसुद्यात ज्या मजकुरावर एकमत नाही, तो चौकोनी कंसात टाकतात. पाहुणा प्रथमच आला की त्याला वाटतं, कंस म्हणजे सुरक्षित जागा. आपलं वाक्य तिथे आहे, कुणी खोडत नाही. मलाही तसंच वाटलं. कंसातलं वाक्य खरं तर सौद्यासाठी ताटात ठेवलेलं असतं. मसुदा गट रात्री उशिरापर्यंत बसतो, हळूहळू खोली रिकामी होते, आणि जे उरतात ते कंस काढतात. ठरावात मी एक वाक्य आग्रहाने कंसात घालून घेतलं होतं. त्या रात्री दमलो होतो, हॉटेलवर जाऊन झोपलो. सकाळी नवा मसुदा पाहिला तर कंस नव्हता, वाक्यही नव्हतं. कुणी दगाफटका केला नाही. आक्षेप कुणाचा, असं विचारलं गेलं असणार, आणि उत्तर द्यायला मी तिथे नव्हतो.

माझ्या त्या वाक्याने मूळ आकडा बदलला असता असं मी म्हणणार नाही. आकडा मोठ्या गटांच्या ओढाताणीतच ठरला. शेजारच्या पट्ट्यात झिरपणाऱ्या ऊर्जेची मर्यादा प्रत्येक २०० मेगाहर्ट्झमागे उणे ५५ डेसिबल-वॅट असावी, असा जागतिक हवामान संघटनेचा आग्रह होता. युरोपला उणे ४२ हवे होते. टॉवरसाठी ठरले उणे ३३, आणि १ सप्टेंबर २०२७ नंतर सुरू होणाऱ्या टॉवरना उणे ३९. उणे ३३ आणि उणे ५५ यांत दीडशेपटीहून अधिक फरक आहे. तरीही मर्यादा दोन टप्प्यांत का होईना कडक होतेय, हे काही कमी नाही. त्याचं श्रेय मात्र ज्यांनी पहिल्या बैठकीपासून हजेरी लावली, त्यांना.

सुरुवातीपासूनच्या हजेरीचं मोल काय असतं, ते पाहायला जिनिव्हाला जायची गरज नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीच्या पाचव्या कलमाखाली ५.२२५ क्रमांकाची एक तळटीप आहे : १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ऑस्ट्रेलिया आणि भारतात रेडिओ खगोलशास्त्रालाही प्राथमिक हक्काने दिलेला आहे. एका ओळीची तळटीप. मी त्या रस्त्याने अनेकदा गेलोय, त्या पांढऱ्या जाळीदार तबकड्यांकडे कौतुकाने पाहिलंय, पण त्यांच्या शांततेमागे कुणीतरी अशी एक ओळ मिळवून ठेवलीय, हे या कामात पडेपर्यंत माहीत नव्हतं.

२०२७च्या परिषदेची विषयपत्रिका २०२३ साली दुबईत ठरली. तिच्यात १.१६ हा विषय आहे : खालच्या कक्षांत फिरणाऱ्या उपग्रहसमूहांच्या एकत्रित गोंगाटापासून रेडिओ दुर्बिणींना संरक्षण. ज्यांचं संशोधन, हवामानकेंद्र, जहाज किंवा व्यवसाय एखाद्या फ्रिक्वेन्सीवर उभा आहे, त्यांनी ही विषयपत्रिका स्वतः वाचावी, आपली मोजमापं देशातल्या तयारी समितीकडे लेखी पाठवावीत, आणि विरोध करणाऱ्यांनाही त्याची प्रत द्यावी. परिषद सुरू होण्याची वाट पाहू नये.