मिठाची गोळी

दिसायला तिच्यात काहीच नाही. पांढरी, गोल, बोटाच्या पेरावर मावणारी. तापाच्या गोळीशेजारी ठेवली तर ओळखू यायची नाही. पाकिटावर नाव लिथियम कार्बोनेट आणि पुढे ३०० किंवा ४०० मिलिग्रॅमचा आकडा. तळोद्यात माझ्या आत्याच्या घरी मात्र त्या नावाने तिला कोणी ओळखत नाही. डॉक्टरांनी पहिल्यांदा समजावताना ‘हे एका जातीचं मीठच आहे’ असं सांगितलं, तेव्हापासून ती ‘मिठाची गोळी’.

तिचा मुक्काम स्वयंपाकघरातल्या फडताळात, वरच्या कप्प्यात, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. डब्यात एक छोटी कात्री. आत्या रोज रात्री जेवणं उरकल्यावर पाकिटातून एकेक गोळी कापून काढते. ज्या टोकाला मुदतीची तारीख छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत राखते. मग तांब्याभर पाणी, गोळी, आणि दादाने ती गिळल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने एक आकडा. तो गोळ्यांचा नसतो. आदल्या रात्री दादा किती तास झोपला, त्याचा असतो.

दादा म्हणजे आत्याचा थोरला. तिशीत असताना एका थंडीत त्याची झोप उडाली. रात्री दोनला उठून पपईच्या वावरात जायचा, पहाटेपर्यंत वहीत हिशेब मांडत बसायचा. नवा बोअर, दुसरा ट्रॅक्टर, सुरतेला फळांची पेढी. बोलणं इतकं भरभर की ऐकणाऱ्याला मध्ये शब्द घालता येऊ नये. घरच्यांना वाटलं, पोरगा कामाला लागला. थकायचा नाही, याचंही कौतुक झालं. उसनवारी करून त्याने दोन ठिकाणी बयाणा देऊन टाकला आणि कोणी टोकलं की अंगावर धावून जाऊ लागला. पावसाळा लागला तेव्हा हाच माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. आंघोळ नको, जेवण नको. ‘माझ्यामुळे घर बुडालं,’ एवढं एकच वाक्य. गल्लीत कोणी म्हणालं, ‘येनं डोकं फिरी गयं.’ कोणी बाहेरचं सांगितलं. भगताकडेही जाणं झालं. भगताने त्याला बराच वेळ शांतपणे ऐकून घेतलं, आणि ते मी कमी लेखत नाही, कारण तोवर कोणीच ऐकलं नव्हतं. पण आजार होता तिथेच राहिला. एके रात्री दादा आईला म्हणाला, ‘मी नसलो तर तुम्ही सुटाल.’ दुसऱ्या दिवशी सकाळीच आत्याने त्याला मानसोपचारतज्ज्ञांसमोर नेऊन बसवलं. बायपोलर हा शब्द त्या घरात त्या दिवशी आला, आणि थोड्याच दिवसांत ही गोळीही.

ती आली तरी घाई तिच्या स्वभावात नाही. गुण दिसायला आठवडा, दोन आठवडे, कधी तीन लागतात. तोवर झोपेसाठी, अस्वस्थपणासाठी डॉक्टर दुसरी औषधं देतात. ही गोळी मात्र झोपेची नाही, तिची तलफ लागत नाही. माणसाला ती हसरा करत नाही की गप्प बसवत नाही. तिचं काम एवढंच की चढ फार चढू नये आणि उतार फार खोल जाऊ नये. या आजारात जीव देण्याचा जो धोका असतो तो कमी करण्यात तिच्याइतका जुना आणि भक्कम लौकिक फार थोड्या औषधांचा आहे. शिवाय ती स्वस्त आहे. निसर्गातलंच मूलद्रव्य असल्याने कोणा कंपनीला तिच्यावर मालकी सांगता आली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्याही अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे.

तिचं कूळ जुनं. लिथियम हा सगळ्यांत हलका धातू. १८१७ साली स्वीडनमध्ये आर्फवेडसन या रसायनशास्त्रज्ञाला तो एका खनिजात सापडला. आज मोबाइलच्या बॅटरीत आहे तो हाच. मनाच्या आजारासाठी तिला उभं केलं ते ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी. दुसऱ्या महायुद्धात ते सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांचे युद्धकैदी होते. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या एका मनोरुग्णालयात त्यांनी गिनिपिगांवर प्रयोग केले, मग लिथियम स्वतः घेऊन पाहिलं, आणि १९४८ मध्ये ५१ वर्षांच्या एका रुग्णाला दिलं. तो माणूस पाच वर्षं उन्मादात वॉर्डात होता. काही महिन्यांत तो घरी गेला, कामावर रुजू झाला. १९४९ मध्ये केड यांचा लेख छापून आला.

कथा इथे थांबवली तर गोळीवर अन्याय होईल. त्याच माणसाने पुढे गोळी सोडली, आजार उलटला, पुन्हा औषध सुरू झालं, आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने तो गेला. रक्तात ते किती साठलंय हे मोजण्याची सोय केड यांच्याकडे नव्हती. ती सोय झाली आणि डेन्मार्कच्या मोगेन्स स्काउ यांनी १९५४ पासून रीतसर चाचण्या करून दाखवल्या, तेव्हा कुठे हिच्यावर जगाचा विश्वास बसला. अमेरिकेने तिला मान्यता दिली ती १९७० मध्ये.

म्हणून ती आजही पहाऱ्यात राहते. रक्तात तिचं प्रमाण साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर असावं लागतं. त्याखाली ती बहुतेकदा अपुरी, १.५ च्या वर घातक. औषध आणि विष यांत इतकं थोडं अंतर असणारी गोळी घरात ठेवायची तर तिचे नियम पाळावेच लागतात. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी असेल तर ती घेण्याआधी, रक्त द्यायचं. सुरुवातीला वरचेवर, मग दर तीन-सहा महिन्यांनी. सोबत मूत्रपिंडाची आणि थायरॉइडची तपासणी. आत्या आणि दादा त्यासाठी पहाटे निघून तापीवरच्या हातोडा पुलावरून नंदुरबार गाठतात. गोळी कधी घेतली ती वेळ आत्या चिठ्ठीवर लिहून नेते, विचारण्याआधी पुढे करते.

तळोद्याच्या उन्हाशी हिचं जमत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. केळीच्या बागेत, मिरचीच्या पथारीवर दिवसभर राबणाऱ्याचं अंग घामाने निथळतं. घामावाटे पाणी जातं, मीठ जातं. मग मूत्रपिंड मीठ धरून ठेवू लागतं, आणि लिथियमही मिठाच्याच जातीचं, म्हणून तेही अडकून राहतं. एक गोळीही जास्त न घेता रक्तातलं प्रमाण वाढतं. हे ज्याला कळलं त्याला पुढचं सगळं कळतं. पाणी भरपूर हवं. मीठ एकाएकी तोडायचं नाही, म्हणून अळणी उपवास दादाला बंद. जुलाब-उलट्या झाल्या तर गोळीचं काय करायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं. अंग दुखलं म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घ्यायचं नाही, त्यानेही हिचं प्रमाण चढतं. हात किंचित थरथरणं, तहान लागणं, लघवीला जास्त जाणं हे हिच्याबरोबर येतं, आणि दादाची चहाची बशी आजही वाजते. पण थरथर वाढली, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, तर गोळी थांबवायची आणि पाकीट हातात घेऊन थेट दवाखाना.

इथल्या तरुण पोरांची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. चांदसैली घाटापलीकडची धडगावची आणि अक्कलकुव्याकडची माणसं हंगामात ऊसतोडीला गुजरातेत जातात. तिथे पडाव, उघड्यावरची झोप, ऊन, आणि रक्त तपासायला एक दिवस सुटी मागणं म्हणजे एका दिवसाची मजुरी. अशा माणसाला ही गोळी द्यावी की दुसरं औषध, हे डॉक्टरांना ठरवता यावं म्हणून ‘मी तोडीला जाणार आहे’ हे आधी सांगायला हवं. कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. जागरणाचंही तसंच. काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर ढोल वाजतात, पहाटे होळी पेटते. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी झोप काढली की झालं. ज्याला हा आजार आहे, त्याच्या बाबतीत एवढं जागरण नव्या चढाची सुरुवात ठरू शकतं. दादा होळीला जातो, नाचतो आणि अकराला घरी येऊन झोपतो. पहिल्या वर्षी मित्रांनी चिडवलं. आता त्यांच्यातलाच एक त्याला मोटारसायकलवर सोडून जातो.

बरं वाटू लागल्यावर तिला सोडून द्यावंसं वाटणं, हा तिच्या वाट्याला येणारा नेहमीचा अपमान. ‘आता मी ठीक आहे, मग कशाला?’ ठीक आहोत ते तिच्यामुळे, हे तेव्हा सुचत नाही. एकदम सोडली तर आजार जोराने उलटतो. कमी करायची तर डॉक्टरांच्या हाताने, हळूहळू. मूल हवं असेल तर बाईने ती गोष्ट डॉक्टरांशी आधीच बोलायची.

तिला सगळंच येतं असंही नाही. मागच्या उन्हाळ्यात शेजारचे काका आत्याकडे आले. सुनेला छातीत धडधड होते, जीव घाबरा होतो, हातपाय गार पडतात, विनाकारण रडू येतं. ‘तुमच्याकडची ती मनाची गोळी दोन दिवसांपुरती द्या.’ आत्याने डब्याला हात लावला नाही.

‘काका, ही तुमच्या सुनेची गोळी नाही. घाबरण्याचं औषध वेगळं, आणि कधी नुसतं बोलूनही उतरतं. तिचं रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, तेही बघावं लागतं.’

‘मग दुकानातून झोपेची आणू?’

‘ती तर मुळीच नको. चिठ्ठीशिवाय घेतली की सुटता सुटत नाही. किती दिवस झाले?’

‘महिना झाला असेल.’

‘दोन आठवडे झाले तेव्हाच यायला हवं होतं. जेवते का? मरणाचं काही बोलते का?’

काका गप्प झाले. मग म्हणाले, परवा एकदा बोलली.

आत्याने चुलीवरचं दूध उतरवून ठेवलं. ‘मग आजची रात्र तिला एकटं सोडू नका. वावरातली फवारणीची औषधं कुलपात घाला. आत्ता घरी जाऊन १४४१६ ला फोन लावा, सरकारचा आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. तिला बोलू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. बोलून झाल्यावरही तेच म्हणत असली तर उजाडायची वाट बघू नका, मला हाक मारा, गाडी काढू. नाहीतर सकाळी सातला तयार राहा, मी येते सोबत. आणि रात्री ती किती झोपते, तेवढं लिहून ठेवा.’