हरणांच्या वाटेवरचे पाहुणे

हरणांचा माग काढणं म्हटलं की जुन्या लोकांना बंदूक आठवते. आमची पिढी कॅमेरा घेऊन जाते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार हा गुन्हा झाला, ते बरंच झालं. आपल्या वनस्थलीपुरमचं महावीर हरिण वनस्थली हे एकेकाळी निजामाचं शिकारीचं रान होतं. 1975 मध्ये, भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण वर्षात, त्याला आजचं नाव मिळालं. आज आपण तिथे मुलांना काळवीट दाखवायला नेतो.

पण मागावर जायची रीत तीच आहे. वारा कुठून येतोय ते बघायचं, झुडपाआड गवतात बसायचं आणि हलायचं नाही. असं तासभर बसलं की हरीण दिसेलच असं नाही, गोचीड मात्र भेटू शकतात.

गोचीड उडी मारत नाही की उडत नाही. कोळ्याचा हा आठ पायांचा चुलतभाऊ गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून बसतो. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब त्याला कळते. आपण घासून गेलो की तो चिकटतो आणि कपड्यांवरून, बॅगेवरून थेट घरी येतो.

आमच्या घरी हा विषय हसण्यावारी नेता येत नाही. सासूबाईंचं माहेर दोडामार्ग तालुक्यातलं. 2016 साली तिकडे माकडतापाची साथ आली, तेव्हा त्यांचे चुलत भाऊ काजूच्या बागेतून आले आणि तापाने अंथरुणाला खिळले. ते वाचले, पण ते दिवस सासूबाई विसरलेल्या नाहीत. हा विषाणू 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला. तो शोधणारी पुण्याची संस्था म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. हा आजार गोचिडांमार्फत माणसाला होतो.

म्हणून आमच्या सहा वर्षांच्या लेकीने "बाबा, मलाही हरणं बघायला यायचंय" असा हट्ट धरला, तेव्हा सासूबाई स्पष्टच म्हणाल्या, "तुम्ही खुशाल जा, पोरीला नेऊ नका." माकडताप मुख्यतः पश्चिम घाटातला, हे मी त्यांना सांगितलं. "आणि बाकीचे ताप?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. टिक टायफससारखे आजारही गोचिडांमुळे होतात. मग वाद घालण्यापेक्षा आम्ही घरासाठी एक पद्धतच ठरवली.

जाताना फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे आणि पँट मोज्यांत खोचायची. फिकट कापडावर गोचीड लगेच दिसतो. परत निघताना गाडीत बसण्याआधी कपडे झटकायचे. घरी आल्यावर ते दारातच मोठ्या पिशवीत भरून तोंड बांधायचं. सोफ्यावर किंवा पलंगावर काही टाकायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कपडे आधी तापवायचे, मग धुवायचे. गार पाण्यातून धुतले तरी गोचीड जिवंत राहतो. त्याला सोसत नाही ती कोरडी उष्णता, कारण त्याचं शरीर सुकून जातं. ड्रायर असेल तर कोरडे कपडे जास्तीत जास्त उष्णतेवर दहा मिनिटं फिरवले की पुरे. ओले असतील तर जास्त वेळ लागतो. मशीनमध्ये 60 अंशांची सोय असेल तर त्या पाण्यात धुवावेत. आमच्याकडे ड्रायर नाही, पण हैदराबादचं ऊन आहे! कपडे, बूट आणि कॅमेऱ्याची रिकामी बॅग गच्चीवर भर उन्हात दिवसभर ठेवतो. बॅगेच्या शिवणी आणि पट्ट्यांच्या घड्या ब्रशने झाडतो, दिसलेला गोचीड चिकटपट्टीने उचलतो. सॉफ्टवेअरमध्ये रोज डिबगिंग करतोच, हे त्यातलं खरंखुरं.

मग आंघोळ आणि तपासणी: कानांमागे, केसांत, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्यांच्या मागे. गोचीड रुतलेला दिसला तर बारीक चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढायचा. पिळायचा नाही. रॉकेल, तेल, पेटती काडी यांपैकी काहीही नको. जागा साबणाने धुवायची आणि कॅलेंडरवर तारीख लिहायची. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं, तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आपणहून सांगायचं. आपण सांगितलं नाही, तर ते त्यांच्या ध्यानात येणं कठीण असतं.

सासूबाईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि एक अट घातली: परत आल्यावर नातीचे केस त्या स्वतः बघणार. गेल्या फेब्रुवारीत लेकीने पहिल्यांदा काळवीट पाहिलं. त्या संध्याकाळी आजी फणी घेऊन बसली आणि नात तिला शिंगांचे पीळ हवेत काढून दाखवत होती. काही सापडलं नाही. "आता पुढच्या वेळी मलाही न्या," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्यासाठी आम्ही फिकट रंगाचे लांब मोजे आणून ठेवले आहेत.