माळवदावरची माती

हिमालय मला पहिल्यांदा कळला तो वडवणीत, आमच्या देवघरासमोर. भूगोलाचे सर आमच्याच वाड्यात भाड्यानं राहत. आईनं कालवण पाठवलं की वाटी रिकामी परत यायची नाही. विहिरीच्या कामावरून उचललेली एखादी चमकणारी गारगोटी तिच्यात असायची.

एकदा आजीला विचारून त्यांनी शाळिग्राम हातात घेतला. नेपाळातल्या काळ्या गंडकीचा. त्यातलं वेटोळं दाखवत म्हणाले, "हा अमोनाइट, समुद्रातला जीव. पाचेक कोटी वर्षांपूर्वी भारत सरकत सरकत आशियाला भिडला आणि मधल्या टेथिस समुद्राच्या तळावरचा गाळ चेपून वर आला. समुद्रतळाचा खडक जड, तो खाली जातो. खंड दोन्ही हलके. खाली जायला कुणीच तयार नाही. मग चढा एकमेकांवर!"

आजी म्हणाली, "मंग बरोबरच हाय की. इष्णू क्षीरसागरातच ऱ्हातो."

सर एवढे हसलेले मी पुन्हा पाहिले नाहीत.

"मग आपला बालाघाटही असाच झाला?" मी विचारलं. त्यांनी मला यारी चालू असलेल्या एका विहिरीवर नेलं. मुरूम, त्याखाली मांजऱ्या, मग काळा पाषाण. हे सगळे ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचे लाव्ह्याचे थर. "बालाघाट उठलेला नाही, उरलेला आहे. पाण्यानं कापून नेलं, शिल्लक राहिलं ते डोंगर." आमच्या डोंगरांची इतकी नेमकी ओळख मला पुढे कुठल्याही पुस्तकात सापडली नाही.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास भूकंपानं किल्लारी हादरली, हजारो माणसं गेली. पुढे कित्येक रात्री आम्ही अंगणातच झोपलो. सर सांगत, "भारत अजून वर्षाला पाचेक सेंटीमीटर उत्तरेला रेटतोय. तो ताण इथल्या खडकातही साठतो. रेटा आपल्या हातात नाही, माळवद आहे." किल्लारीत माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली.

सर वडिलांच्या मागेच लागले. शेवटी माळवदाची माती उतरली, पत्रे चढले. उन्हाळ्यात त्या पत्र्यांखाली वडील सरांच्या नावानं बोटं मोडत; माती मात्र त्यांनी पुन्हा चढवली नाही.