तिकीट लोकं देतात?

घरचा फोन आम्हाला सकाळी येतो, म्हणजे पिंपरी-चिंचवडमधल्या पिंपळे गुरवची संध्याकाळ. जानेवारी 2024 मध्ये इथं अमेरिकेतल्या नॅशुआत संध्याकाळी फोन वाजला, की तो सर्व्हेवाल्यांचाच असायचा. मी कणीक मळत असलो तरी उचलायचो. बारा वर्षं या गावात राहून मला आपणहून कुणी एवढे प्रश्न विचारले नव्हते.

पहिल्या बाईंनी विचारलं, घरातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यांत तरुण पुरुषाशी बोलता येईल का? घरात तसा पुरुष मी एकटाच. म्हणजे सगळ्यांत तरुणही मीच आणि सगळ्यांत म्हाताराही मीच. बायको हसून हसून बेसिनला टेकली. ही त्यांची पद्धतच आहे हे मला नंतर कळलं. तरुण पोरं फोन उचलत नाहीत, म्हणून आधी त्यांनाच मागायचं, नाहीतर नमुन्यात नुसते आजीआजोबा गोळा होतात. मग बाईंनी विचारलं, आज मतदान असतं तर कुणाला दिलं असतं? मी म्हटलं, मी नागरिक नाही, हा नंबर आधी दुसऱ्या कुणाचा तरी होता. त्या मनापासून आभार मानून गेल्या. माझं मत पिंपळे गुरवच्या यादीत आहे आणि ते द्यायला तिथं हजर राहावं लागतं. इथं राहतो तर मत नाही, तिथं मत आहे तर मी नाही. हे त्यांना ऐकवायचं राहून गेलं.

नॅशुआ ज्यात येतं ते न्यू हॅम्पशायर हे चौदा लाख वस्तीचं राज्य. आपल्या पिंपरी-चिंचवडची वस्तीही याहून जास्त. पण इथल्या कनिष्ठ सभागृहात 400 आमदार, आणि पगार वर्षाला शंभर डॉलर. अख्ख्या महाराष्ट्राचं काम 288 वर चालतं. पगाराचं मी वडिलांना, म्हणजे अण्णांना, फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग उभं कोण राहतं?" इथं राहतात. बर्फ ढकलणारा, निवृत्त मास्तर, कुणीही.

अशा या राज्यात 1920 पासून राष्ट्राध्यक्षपदाची देशातली पहिली प्रायमरी होते, आणि कुणी पुढं घुसू नये म्हणून 1975 मध्ये त्यांनी तसा कायदाच करून ठेवलाय. मी गाडीची नोंदणी करायला दरवर्षी सिटी हॉलमध्ये जातो, तिथं बाहेर केनेडीचा अर्धपुतळा आहे. 25 जानेवारी 1960 ला त्यानं प्रचाराची सुरुवात तिथूनच केली होती. आजही उमेदवार हॉटेलात शिरतात, टेबलाटेबलाशी थांबतात, लोक पॅनकेक खाता खाता त्यांना आडवेतिडवे प्रश्न विचारतात. आणि याच लोकांच्या मनात काय आहे हे मोजायला विद्यापीठं, वर्तमानपत्रं, टीव्ही चॅनेलं संध्याकाळी फोन फिरवत बसतात.

अण्णांना प्रायमरी समजावून सांगायला मला दोन रविवार लागले. ही निवडणूक राष्ट्राध्यक्ष निवडायची नाही, पक्षानं कुणाला उभं करायचं ते ठरवायची, एवढ्यावर गाडी अडली.

"म्हणजे तिकीट लोकं देतात?"

"हो."

"पक्षाचे मेंबर?"

"नुसते मेंबरही नाहीत. इथले चाळीस टक्के मतदार कुठल्याच पक्षात नाव घालत नाहीत. ते केंद्रावर जाऊन ज्या पक्षाची पाहिजे त्या पक्षाची मतपत्रिका मागतात."

पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "आणि वर्‍हाडी मंडळी नवरदेव ठरवणार, तर मुलीचा बाप काय करणार?"

अण्णांचा गोंधळ मी समजू शकतो. आमच्याकडं तिकीट ही वरून पडणारी वस्तू. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत पक्षाचा उमेदवारीचा एबी फॉर्म कुणाच्या खिशात आहे यावर पैजा लागतात. हल्ली त्यात एक नवा शब्द आलाय, सर्व्हे. तिकीट मिळालं, की 'सर्व्हेत नाव आलं' आणि कापलं गेलं, की 'सर्व्हे निगेटिव्ह होता'. आमच्या काटेपुरम चौकातल्या टपरीवर या सर्व्हेइतका वजनदार माणूस नाही आणि त्याला पाहिलेलाही कुणी नाही. इथं सर्व्हे छापून येतो, किती लोकांना विचारलं आणि चूक किती होऊ शकते हे तळाशी लिहिलेलं असतं. पाचशे लोकांना विचारलं तर साडेचार टक्के इकडंतिकडं. आमच्या सर्व्हेत तळ नसतोच.

आमचं खरं मोजमाप वेगळंच असतं. पिंपळे गुरवात कुणी कुणाला 'तू कुणाला देणार' असं विचारत नाही, ते उद्धटपणाचं. विचारायचं, "काय म्हणतंय वातावरण?" समोरचाही स्वतःबद्दल बोलत नाही. "तिकडं सांगवीत जरा हललंय," "आमच्या गल्लीत सगळं जाम आहे," असं दुसऱ्याच्या खांद्यावरून सांगतो. मला हे गावंढळ वाटायचं. मग 2018 चा एक अभ्यास वाचला. मिर्टा गॅलेसिक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये लोकांना त्यांच्या मताबरोबर ओळखीच्या लोकांचंही विचारलं, तर अंदाज जास्त बरोबर आला. म्हणजे टपरी बरोबरच होती, फक्त बेरीज करायला कुणी बसत नव्हतं.

पण टपरीही चुकते. चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप पिंपळे गुरवचेच. 3 जानेवारी 2023 ला ते गेले आणि 26 फेब्रुवारीला चिंचवडची पोटनिवडणूक लागली. त्यांच्या पत्नी अश्विनी जगताप, नाना काटे आणि अपक्ष राहुल कलाटे, अशी तिरंगी. अण्णा रोज फोनवर वेगळंच वातावरण सांगायचे, सोमवारी एकतर्फी, गुरुवारी काट्याची. 2 मार्चला अश्विनीताई 36 हजारांनी आल्या, आणि कलाटेंना मतं पडली 44 हजार. "म्हणजे आमचंच बरोबर होतं," अण्णा म्हणाले. कुठल्या दिवसाचं ते मी विचारलं नाही.

इथल्या शहाण्यांची फजितीही काही कमी नाही. माझ्या शेजारचे आजोबा आजही 8 जानेवारी 2008 ची गोष्ट सांगतात. सगळ्या चाचण्यांत ओबामा आठेक टक्क्यांनी पुढं, आणि जिंकल्या हिलरी क्लिंटन, जवळपास तीन टक्क्यांनी. सर्वेक्षणवाल्यांच्या संघटनेनं समिती नेमून वर्षभर कारणं शोधली. शेवटच्या दोन दिवसांत लोकांनी मन बदललं, त्याआधीच फोन थांबले होते, ज्यांनी फोन उचलले नाहीत ते वेगळे होते. एक कारण तर अण्णांना सगळ्यांत पटलं. त्या वर्षी मतपत्रिकेवर राज्यभर नावांचा क्रम एकच होता, क्लिंटन वर आणि ओबामा बरेच खाली. "पहिलं बटण," अण्णा म्हणाले. "सांगत होतो ना."

तेव्हापासून फोन उचलणारे आणखी घटलेत. प्यू या संस्थेच्या चाचण्यांत 1997 मध्ये शंभरातले 36 बोलायचे, 2018 मध्ये सहा. आणि 2024 च्या प्रायमरीच्या दोन दिवस आधी तर बायडनच्या नकली आवाजातले फोन घरोघर गेले, आता मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा म्हणणारे. यंत्रानं बनवलेला आवाज. त्यानंतर माझ्या ऑफिसातली अर्धी मंडळी अनोळखी नंबर उचलेनाशी झाली.

23 जानेवारीला शाळेच्या जिममध्ये मतदान होतं. मी मुलाला सोडायला गेलो तेव्हा रांग दारापर्यंत होती. रात्री आठला निकाल यायला लागले, म्हणजे अण्णांची सकाळची साडेसहाची फेरी, पिंपळे गुरवच्या जिजाऊ उद्यानातल्या डायनासोरपाशी. सगळे आकडे आल्यावर फोन लावून सांगितलं, ट्रंप 54, निक्की हेली 43. चाचण्यांनी अंतर वीसच्या आतबाहेर सांगितलं होतं, निघालं अकरा.

"रंधावांची मुलगी ना ती? पंजाबी. मग बरी लढली की. आणि चाचणीवाले?"

"नऊनं चुकले."

"आमच्या चौकात नऊचा फरक म्हणजे बरोबरच धरतात."

ऑक्टोबर 2024 मध्ये विधानसभेच्या तिकिटांच्या आधी अण्णांचा फोन आला, आवाज चढलेला. आमच्या दीड गुंठ्यावरच्या घरी सर्व्हेवाला येऊन गेला होता. खरा, हातात टॅब, गळ्यात कार्ड. तीस वर्षांत पहिल्यांदा. आईनं त्याला चहा केला.

"काय विचारलं?"

"वातावरण कसं आहे."

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, चांगलं आहे. त्यानं लिहून घेतलं."

"कुणाचं चांगलं आहे?"

"ते त्यानं कुठं विचारलं?"